नोंदवहीत न आलेला रुग्ण

वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणात प्रबंध सक्तीचा असतो. एम.डी.ला प्रवेश मिळाला की काही महिन्यांत विषय ठरवायचा, आराखडा संस्थेच्या नीतिसमितीपुढे मांडायचा, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे नोंदवायचा आणि मग दीड-दोन वर्षे रुग्णांची माहिती गोळा करायची, असा त्याचा क्रम. बहुतेक प्रबंध कॉलेजच्या रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरच होतात, कारण ते हाताशी असतात. त्यातून उपयोगी माहिती मिळत नाही असे नाही. पण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलेला माणूस हा आजारी माणसांपैकी एकच असतो. न पोचलेले किती आणि ते का पोचले नाहीत, हे त्या नोंदवहीतून कधीच कळत नाही. आरोग्यसेवा, कामाच्या जागेचे आरोग्य आणि रोगनिदान या तीन क्षेत्रांत ही उणीव विशेष महागात पडते आणि रायगडच्या आतल्या बाजूचे कर्जत व खालापूर हे तालुके ती फार स्पष्टपणे दाखवतात.

मुंबईची लोकल कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत धावते, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो. तरी रेल्वे फाटकापासून दोन-तीन तासांच्या चालीवर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष दुर्बल मानलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. एवढे असूनही राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रांत रायगड जिल्हा नाही. त्यामुळे शेजारच्या ठाणे-पालघरमधल्या आदिवासी गावाला त्या अनुसूचीमुळे जे मिळते, ते कर्जतच्या वाडीला आपोआप मिळत नाही. आरोग्यसेवेचा अभ्यास करणाऱ्याने हा फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवा.

ग्रामीण आरोग्यसेवेचा आजचा साचा १९४६च्या भोर समितीच्या अहवालातून आला. सपाटीवर ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे २० हजार आणि ३ हजार. माप लोकसंख्येचे आहे, चढ-उताराचे नाही. इर्शाळगडाच्या कुशीतली खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री दरडीखाली गेली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली, तेव्हा बचाव पथकांना भर पावसात पायवाटेने वर चढावे लागले, गाडीरस्ता नव्हताच. दुर्घटनेआधीही वाडीतल्या गरोदर बाईला आणि तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यासाठी तीच पायवाट उतरावी लागत होती. वाडीपासून उपकेंद्र किती किलोमीटरवर आहे, हा सर्वेक्षणातला नेहमीचा प्रश्न इथे अपुरा पडतो. रुग्णाची झोळी उचलायला किती माणसे लागतात, ती माणसे कामाच्या दिवसांत वाडीत असतात का, ओढ्याला पाणी असताना वाट चालू राहते का, हे विचारले तरच सेवेचे खरे अंतर हाती येते.

दुसरी अडचण हंगामाची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. ठेकेदाराकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा, बायको आणि पोरे तिथेच राहतात, पावसाच्या तोंडाशी परततात. अंगणवाडीत मुलाच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजतात. ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित. ही पट्टी जानेवारीत लावली तर निम्मी वाडी रिकामी असते आणि मागे राहिलेली मुले बहुधा ज्यांच्या घरी थोडेफार भात आहे अशांची. सरासरी बरी दिसते. जूनमध्ये, कुटुंबे भट्टीवरून परतल्यावर तीच पट्टी वेगळे चित्र दाखवू शकते. त्यात जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. कर्जतचे मूल भट्टीवर, दुसऱ्या जिल्ह्यात दगावले, तर नोंद त्या जिल्ह्यात. आणि रुग्ण लोकलने उल्हासनगरच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेला व तिथे दगावला, तर नोंद तिथली. म्हणून केवळ तालुक्याच्या आकड्यांवर बालमृत्यूचा प्रबंध लिहिणे धोक्याचे आहे. वाडीत जाऊन, वर्षभर तीच घरे पुन्हा पुन्हा गाठून केलेला अभ्यासच इथे विश्वासार्ह ठरतो.

अशा अभ्यासाचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदींवर विसंबून कोणी अभ्यास केला असता, तर या गावांत स्त्रीरोग जवळजवळ नाहीतच असे त्याला वाटले असते.

कामाच्या जागेच्या आरोग्यात हाच दोष कारखान्याच्या फाटकाआड लपतो. खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले; पुढे पोलाद आणि कागदाचे कारखाने आले, पाताळगंगेच्या काठी रासायनी-मोहोपाड्याकडे रसायनांचे. यांतल्या एखाद्या कारखान्यात जाऊन आज कामावर हजर असलेल्या सगळ्यांची छाती आणि कान तपासले, तर निकाल बहुधा अपेक्षेपेक्षा चांगला लागतो. ज्याला धाप लागू लागली त्याने काम सोडलेले असते, ज्याला पाळी झेपेना तो गावी गेलेला असतो. यंत्रापाशी उरतात ते धडधाकट. साथरोगशास्त्रात या फसवणुकीचा स्वतंत्र अभ्यास होतो. तिच्यावर उपाय एकच: हजेरीपटावरून पाच-दहा वर्षांपूर्वी कामावर असलेल्यांची यादी काढायची आणि सोडून गेलेल्यांना शोधायचे. ठेकेदारी पद्धतीत हे फारच अवघड होते, कारण ठेकेदार बदलला की कागदही बदलतात आणि तोच माणूस त्याच भट्टीपुढे नव्या मालकाचा नवा कामगार ठरतो. सर्वांत जास्त धूळ आणि उष्णता ज्याच्या वाट्याला येते, त्याचाच इतिहास सर्वांत तोकडा असतो.

तपासणी कशी करतात यालाही तितकेच महत्त्व आहे. गोंगाटाने ऐकू येणे कमी होते ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. बोलण्याचा आवाज नीट कळत असल्याने कामगाराला स्वतःला पत्ता लागत नाही. चाचणी पाळी सुटल्या सुटल्या घेतली तर कानाला आलेला तात्पुरता बधिरपणाही कायमचा म्हणून मोजला जातो, म्हणून चाचणीआधी किमान १४ तास माणूस आवाजापासून दूर असावा लागतो. कीटकनाशकांच्या कामातली गोष्ट आणखी नाजूक. सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशके रक्तातल्या कोलिनइस्टरेझ या विकराचे काम रोखतात आणि त्याची पातळी मोजून विषबाधा हेरता येते. पण ही पातळी माणसागणिक मुळातच निराळी असते. कामावर घेताना पहिले रक्त तपासून ठेवले नसेल, तर नंतरचा आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत असूनही त्या माणसाच्या दृष्टीने निम्म्यावर आलेला असू शकतो. रोज मजुरीवर घेतलेल्याचे पहिले रक्त घेणार कोण, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

कायद्याने या आजारांची दखल घेतलेली आहे. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवणे बंधनकारक असलेल्या २९ आजारांची यादी होती: सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, बेंझीन व त्याच्या नायट्रो आणि अमिडो संयुगांची विषबाधा, गोंगाटाचा बहिरेपणा, त्वचारोग आणि इतर. अशी यादी २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. यातला आजार असल्याचे वाटले तर तपासणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षक यंत्रणेला कळवायचे असते. मग तो कारखान्याचा डॉक्टर असो की खोपोलीच्या बाजारपेठेत दवाखाना थाटलेला. मात्र एम.बी.बी.एस.च्या वर्षांत या विषयाला वेळ थोडा मिळतो. खोकला घेऊन आलेल्या माणसाला ‘काम काय करता?’ हे विचारून ते केसपेपरवर लिहिणे, एवढे जरी नियमाने झाले तरी कितीतरी निदाने बदलतील. कर्जत-खालापूरच्या खासगी डॉक्टरांच्या केसपेपरांवर व्यवसायाची नोंद असते का, एवढाच साधा प्रबंध कोणी केला तरी तो मोलाचा ठरेल.

कारखान्याबाहेर काम करणाऱ्यांना तर तोही कायदा लागू नव्हता. माथेरानात मोटारींना बंदी आहे, रुग्णवाहिका तेवढी चालते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाल मातीच्या चढावर हातरिक्षा ओढल्या गेल्या. पुढे ओढणारा, मागून ढकलणारे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवून सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. त्या माणसांचे गुडघे, पाठ आणि फुप्फुसे आज तपासून ठेवली नाहीत, तर ती माणसे पुन्हा एका जागी भेटणार नाहीत.

शेत हीसुद्धा कामाचीच जागा आहे. कर्जत हा भाताचा तालुका. भाताच्या वाणांसाठी इथले संशोधन केंद्र सगळ्या कोकणात ओळखले जाते. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाला कालव्याने शेतात येत असल्याने काही गावांत उन्हाळी भातही होते, म्हणजे माणसे वर्षातून दोनदा चिखलात उतरतात. उंदराच्या मुतातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या चिरांतून शिरतात. या एका आजारात आरोग्यसेवा, काम आणि निदान यांची गाठ पडते. ताप आल्यापासून पहिल्या पाच-सात दिवसांत रक्तात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात. तिसऱ्या दिवशी केलेली झटपट चाचणी ‘नाही’ म्हणते आणि रुग्णाला साध्या तापाच्या गोळ्या मिळतात. उशिरा आलेल्याची चाचणी ‘हो’ म्हणते, पण तोवर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो. पक्क्या निदानासाठी सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने लागतात. लावणीच्या दिवसांत बरे वाटू लागलेला मजूर दुसऱ्या नमुन्यासाठी मजुरी बुडवून, गाडीभाडे भरून कर्जतला येत नाही. प्रबंधात अशा रुग्णांपुढे ‘पाठपुरावा झाला नाही’ असे लिहून त्यांना वगळतात आणि उरलेल्यांवरून आजाराचे प्रमाण काढतात. वगळलेले नेमके शेतमजूरच असतील, तर भातशेती आणि हा आजार यांतला संबंध कागदावर पुसट होतो.

चाचणी चांगली असली तरी ती कुठे वापरली यावर तिचा अर्थ ठरतो. समजा, एक चाचणी रोग असलेल्या १०० पैकी ९० जणांना अचूक हेरते आणि रोग नसलेल्या १०० पैकी ९० जणांना अचूक सोडते. रुग्णालयात संशयित १०० जणांपैकी ५० जणांना खरोखर रोग असेल, तर ‘हो’ आलेल्या ५० पैकी ४५ खरे निघतील. तीच चाचणी घेऊन गावात १००० धडधाकट माणसे तपासली आणि त्यांत रोगी १० असतील, तर ‘हो’ येईल १०८ जणांना. खरे रोगी त्यांत फक्त ९. शहरातल्या रुग्णालयात पारखलेले किट वाडीवर नेणाऱ्याने हे गणित आधी करायला हवे.

आणि प्रत्येक निदानाला किट लागतेच असेही नाही. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठेनासे होते. ते पाहायला दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त वाहिले तर प्रतिविष द्यायचे. नळी काचेचीच हवी आणि साबणाच्या भुकटीने धुतलेली नको; नाहीतर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही. मण्यारीच्या दंशात ही चाचणी काही सांगत नाही. तिथे झाकत येणाऱ्या पापण्याच पाहाव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा काचनळ्या आहेत का आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला त्या कशा वापरायच्या हे दाखवलेले आहे का, हा प्रबंधाचा चांगला विषय आहे.

रायगडातच याचा मोठा दाखला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, फुप्फुसात साचणारे पाणी अशा बारीकसारीक नोंदी ठेवल्या, मधे पुण्याला एम.डी. केले आणि पुन्हा महाडलाच परतले. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशावरचा उपयोग त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो हे दाखवणारी चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण जिथे दंश होतो त्याच तालुक्यात ते बसलेले होते.

आता या कामाला एक वाट आपोआप खुली झाली आहे. २०२१च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, कामोठ्याला खासगी महाविद्यालय आहे, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण मिळते. तीन महिन्यांत एका माणसाला वर्षाचा हंगाम पाहता येत नाही. पण एकामागून एक येणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी तीच वाडी, तीच यादी आणि तोच तक्ता पुढे चालवला, तर लावणी, काढणी, भट्टी आणि परतीचा जून असे पुरे वर्ष नोंदले जाऊ शकते. त्यासाठी विभागप्रमुखांना प्रबंध एकेकट्याचा न ठेवता साखळीचा आखावा लागेल, आणि आशा सेविकेला तिच्या वेळेचे मानधन द्यावे लागेल, कारण दुसऱ्या नमुन्याचा रुग्ण नेमक्या कोणत्या भट्टीवर गेला आहे हे बहुतेक वेळा तिलाच ठाऊक असते.