‘पंच’चें हास्य

वर्तमानपत्र हातीं पडतांच पुष्कळांची दृष्टि प्रथम व्यंगचित्राकडे वळते. अशा चित्रास ‘कार्टून’ म्हणतात. मुळांत या शब्दाचा विनोदाशीं कांहींएक संबंध नव्हता. तो कसा जडला, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

महाराणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीच्या आरंभीं, १७ जुलै १८४१ रोजीं, लंडन येथें ‘पंच’ नांवाचें साप्ताहिक निघालें. बाहुल्यांच्या खेळांत सर्वांस सोट्यानें बडविणारा जो वात्रट नायक, त्याचेंच हें नांव. त्या काळीं चित्रकार कठीण लांकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर चित्र उलटें काढी. कारागीर रेषा तेवढ्या उंच राखून बाकीचें लांकूड कोरून टाकी. असा ठसा शिशाच्या खिळ्यांशेजारीं बसवितां येत असल्यामुळें मजकूर व चित्र एकदमच छापलें जाई.

१८३४ सालीं इंग्लंडचें पार्लमेंटगृह आगीनें भस्म झालें होतें. नव्या इमारतीच्या भिंतींवर चित्रें काढवून घेण्यासाठीं स्पर्धा लावण्यांत आली व १८४३ सालीं त्या चित्रांचे मोठाले आराखडे लोकांस पाहण्यास मांडले. या आराखड्यांस ‘कार्टून’ म्हणत. एकीकडे गोरगरीब उपाशी, आणि दुसरीकडे हा थाट! ‘पंच’चा चित्रकार जॉन लीच यानें एक चित्र काढलें: अंगावर चिंध्या पांघरलेलीं गरीब माणसें व मुलें भरजरी पोषाखांतील श्रीमंतांच्या तसबिरींकडे टक लावून पाहत आहेत. त्यास ‘पंच’नें ‘कार्टून क्रमांक १’ असें नांव दिलें, आणि तेव्हांपासून तो शब्द व्यंगचित्रासच चिकटला. त्याच वर्षींच्या नाताळांत शिवणकामावर पोट भरणाऱ्या स्त्रीचे हाल वर्णिणारी टॉमस हूड याची कविता ‘पंच’मध्यें प्रसिद्ध झाली.

निर्मळ थट्टाही तेथें पुष्कळ असे. १८९५ सालच्या द्यु मोरिए याच्या एका चित्रांत बिशपच्या मेजावर एका तरुण धर्मोपदेशकाच्या वांट्यास नासकें अंडें येतें. यजमानांचें मन दुखवूं नये म्हणून तो बिचारा त्याचे कांहीं भाग उत्तम असल्याची ग्वाही देतो!

परंतु या हास्यास दुसरी बाजूही होती. १८५७ च्या ऑगस्ट महिन्यांत जॉन टेनिएल यानें ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर सूड घेण्यास झेप टाकीत असल्याचें चित्र काढलें. आयर्लंडच्या लोकांस तर ‘पंच’नें अनेकदां वानरमुखी दाखविलें. टेनिएल हा कांहीं सामान्य कलावंत नव्हे. ‘अ‍ॅलिस’च्या १८६५ सालच्या पुस्तकांतील मनोहर चित्रें त्याचींच. हात तोच, कौशल्यही तेंच. परंतु जें हास्य पूर्वीं उपाशी माणसाच्या बाजूनें उभें राहिलें, तेंच येथें सत्ताधीशाच्या पदरीं जाऊन बसलें.

ही कला मात्र एकट्या लंडनची राहिली नाहीं. १८५४ मध्येंच मुंबईंत ‘पारशी पंच’ निघाला. खुद्द लंडनचा ‘पंच’ २००२ सालीं कायमचा बंद पडला.

वाचकहो, व्यंगचित्र पाहून हंसूं येणें स्वाभाविक आहे व तें आरोग्यासही हितकर आहे. मात्र हंसून झाल्यावर क्षणभर थांबून पाहावें कीं, चित्रांत बडविला जाणारा कोण आहे, आणि सोटा कोणाच्या हातीं आहे.