छापील बातमीची पैवस्ती

बाबूजी नाइकांच्या काळीं बारामतीस दूरची बातमी येई ती जासुदाच्या हातच्या पत्रानें. पत्र केव्हां लिहिलें हें मजकुरांत असे. केव्हां पोंचलें हें 'पै॥' म्हणजे पैवस्ती या नोंदीवरून कळे. छापील वर्तमानपत्रास अशी पैवस्ती नाहीं. मग सरहद्दीपलीकडील शोधप्रवासाची बातमी बारामती-इंदापुरांत कधीं वाचली गेली, हें ठरवावें कसें?

अलेक्झांडर बर्न्स याचेंच उदाहरण घेऊं. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. त्याच वर्षीं मुंबईच्या फौजेंतील हा अधिकारी काबूलवरून बुखाऱ्यास पोंचला. भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' २४ ऑक्टोबर १८४१ रोजीं सुरू झाला, आणि अवघ्या नऊ दिवसांनीं बर्न्स काबुलांत मारला गेला. त्या काळीं तारायंत्र नव्हतें. काबूलची खबर टप्प्याटप्प्यानें मुंबईस यावयाची, तेथें छापली जावयाची, आणि मग घाट चढून पुण्यावरून सोलापूरच्या वाटेनें इंदापुरास. तेव्हां अंकावरील तारीख घटनेची नव्हे आणि वाचनाचीही नव्हे.

म्हणूनच पोथीच्या पुठ्ठ्यांत चिकटविलेलें वर्तमानपत्राचें पान रद्दी समजून फेंकण्याची संग्राहकांची चाल आम्हांस घातक वाटते. त्यावर वर्गणीदाराच्या हातची तारीख किंवा टपालाचा शिक्का असेल, तर तीच त्या बातमीची पैवस्ती होय. शिक्का रवानगीचा कीं पोंचेचा, हें मात्र पारखावें. आणि पान सोडविण्यापूर्वीं तें कोणत्या पोथीच्या पुठ्ठ्यास होतें, तेंही टिपून ठेवावें.