वायुचलित खिळेयंत्र (नेलगन) : दोषनिदान आणि गृहदुरुस्तीच्या मर्यादा

बीजशब्द : संपीडित हवा, दट्ट्या, ओ-रिंग, दोषनिदान, सुरक्षा

प्रस्तावना

सुतारकामात हातोडीची जागा आता बऱ्याच अंशी वायुचलित खिळेयंत्राने, म्हणजेच नेलगनने घेतली आहे. प्लायवूडवर पट्ट्या बसविण्यासाठी वापरले जाणारे १८ गेजचे लहान यंत्र कारागिरांप्रमाणेच हौशी व्यक्तींच्या घरीही आढळते. हे यंत्र बंद पडल्यास ते टाकून देण्याकडे किंवा विचार न करता खोलण्याकडे कल दिसतो. वास्तविक त्यातील बहुतांश बिघाड रबरी भागांच्या झिजेमुळे होतात आणि ते घरी दूर करता येतात. मात्र काही भागांना घरी हात लावणे जीवावर बेतू शकते. प्रस्तुत लेखात ही सीमारेषा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रचना व कार्य

कॉम्प्रेसरमधील हवा नळीतून यंत्राच्या मुठीतील पोकळीत साठते. चाप ओढताच दट्ट्यावरील मुख्य झडपेच्या वरची हवा बाहेर पडते, झडप उचलली जाते आणि साठलेली हवा एकाएकी दट्ट्यावर येते. दट्ट्याला जोडलेली ड्रायव्हर नावाची पोलादी पट्टी खिळा लाकडात ठोकते. खाली रबराची जाड गादी, म्हणजे बंपर, हा आघात झेलते. चाप सोडल्यावर झडप बंद होते आणि सिलिंडरभोवतीच्या कक्षात जमलेली हवा दट्ट्याला पुन्हा वर ढकलते.

या यंत्रांचा कार्यदाब सामान्यतः ७० ते १२० पीएसआय असतो. दट्ट्याचा व्यास ४० मिलिमीटर आणि दाब ९० पीएसआय धरल्यास दट्ट्यावरील बल सुमारे ७८० न्यूटन, म्हणजे ८० किलोग्रॅम वजनाइतके होते. हे बल टिकते ते ओ-रिंग या साध्या रबरी कड्यांमुळे. कडे कडक झाले वा चिरले की हवा निसटते.

दोषनिदान

हवा कोठून आणि केव्हा निसटते, हा निदानाचा मुख्य आधार होय. साबणाचे पाणी लावल्यास बुडबुड्यांवरून गळतीचे स्थान कळते.

१. चापापाशी गळती : चापाच्या झडपेतील कडी झिजलेली असतात.

२. वरच्या झाकणातून गळती : झाकणाचे स्क्रू सैल असतात, अथवा मुख्य झडपेची कडी वा पॅकिंग खराब झालेले असते.

३. खालच्या तोंडातून गळती : बंपर किंवा तेथील कडी तपासावीत.

४. खिळा पूर्ण न रुतणे : प्रथम दाब पाहावा. यंत्र चालताना दाबमापकाचा काटा फार खाली येत असल्यास दोष यंत्रात नसून कॉम्प्रेसरमध्ये वा अरुंद नळीत असतो. दाब योग्य असल्यास दट्ट्याचे कडे कोरडे वा झिजलेले असण्याचा संभव असतो.

५. खिळा सुटून जाणे वा अडकणे : चुकीच्या मापाचे खिळे, मॅगझीनमधील भुसा, दुबळी स्प्रिंग किंवा झिजलेले ड्रायव्हरचे टोक ही कारणे संभवतात.

कोकणासारख्या दमट प्रदेशात हवेतील बाष्प कॉम्प्रेसरच्या टाकीत मोठ्या प्रमाणात साठते. हे पाणी रोज काढून टाकले नाही तर ते यंत्रात शिरून वंगण धुऊन नेते व गंज आणते.

दुरुस्तीची पद्धत

कोणतेही काम करण्यापूर्वी हवेची नळी काढावी आणि खिळे रिकामे करावेत. अडकलेला खिळा काढतानाही हाच क्रम पाळावा. यंत्राच्या बाजूस झडप नसलेलाच जोड असावा. झडपयुक्त जोड यंत्रावर बसविल्यास नळी काढल्यानंतरही आत हवा राहते आणि एक खिळा सुटू शकतो.

झाकण काढताना भागांचा क्रम नोंदवून ठेवावा. नवी कडी त्याच मापाची घ्यावीत आणि पीळ न पडू देता बसवावीत. त्यांना सिलिकॉनयुक्त ग्रीसचा पातळ थर द्यावा. रॉकेल वा थिनरने रबर फुगते, म्हणून त्यांनी भाग धुऊ नयेत. तेल लागणाऱ्या यंत्रात हवेच्या प्रवेशमार्गातून वायुयंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब पुरेसे होतात. मोटारीचे इंजिन ऑइल वापरू नये. झाकणाचे स्क्रू समोरासमोरील जोड्यांनी आवळावेत.

गृहदुरुस्तीच्या मर्यादा

यंत्राचे तोंड लाकडावर दाबल्याखेरीज खिळा सुटू नये, यासाठी तेथे सरकते सुरक्षा-टोक असते. ते अडखळू लागले की स्प्रिंग काढण्याचा किंवा टोक तारेने बांधून ठेवण्याचा मोह होतो. ही दुरुस्ती नव्हे. यामुळे यंत्र केवळ चापावर चालणारे शस्त्र बनते. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेलगनच्या इजांमुळे दरवर्षी सरासरी सुमारे ३७,००० व्यक्ती रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत दाखल झाल्या; त्यांपैकी सुमारे ४० टक्के घरगुती वापरकर्ते होते. सलग खिळे सोडणाऱ्या चापामुळे इजेचा धोका एकेक खिळा सोडणाऱ्या क्रमबद्ध चापाच्या दुप्पट असतो, असे तेथील शासकीय सुरक्षा-मार्गदर्शिकेने २०११ मध्ये नमूद केले.

म्हणून तडा गेलेले कवच, वाकलेले सुरक्षा-टोक आणि चापाची यंत्रणा यांचे काम अधिकृत सेवाकेंद्राकडेच सोपवावे. कॉम्प्रेसरऐवजी ऑक्सिजन वा अन्य वायूचे सिलिंडर जोडल्यास स्फोट होऊ शकतो. दुरुस्तीनंतर डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून, यंत्रात खिळे न भरता, कमी दाबावर चाचणी घ्यावी. टोक न दाबता चाप ओढला असता यंत्र चालता कामा नये. चालल्यास ते तत्काळ वापरातून काढावे.

निष्कर्ष

नेलगनची दुरुस्ती ही गळतीच्या निरीक्षणातून कारणापर्यंत जाण्याची प्रक्रिया आहे. कडी, बंपर, वंगण आणि स्वच्छता हे घरच्या दुरुस्तीचे क्षेत्र होय. सुरक्षा-यंत्रणा हे नव्हे. हा भेद ओळखणाऱ्यास अल्प खर्चात यंत्राचे आयुष्य वाढविता येते आणि स्वतःची बोटेही शाबूत राखता येतात.