मोहोळ उठलं, बीपी पडलं : मांडीतल्या एका इंजेक्शनाची गोष्ट

या पानावर मी एरवी खतं, कीड आणि बियाण्यांवर लिहितो. आज स्वतःवर बेतलेला प्रसंग सांगतो, कारण तो उद्या तुमच्या बांधावरही घडू शकतो.

कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट बघायला गेलो होतो. गोंडे फुललेले, त्यावर माशा घोंगावत होत्या. शेजारच्या पिंपळावर आग्या मोहोळ होतं. कुणीतरी झाडाखाली पाचट पेटवलं, धूर वर गेला आणि मोहोळ उठलं. पळता पळता मान, कान, हात मिळून दहा-बारा डंख बसले. पूर्वी एकदा माशी चावली होती, तेव्हा नुसती सूज आली होती. म्हणून मनाशी म्हटलं, होईल कमी.

पाच-दहा मिनिटांत तळहात खाजू लागले. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, घसा आवळल्यासारखा झाला. कुणी चुना आणला, कुणी डंखावर लोखंड घासलं. मी "काही नाही, गाडीवर बसतो" म्हणत उठलो, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसलो. प्लॉटचे मालक अण्णा ओरडले, "साहेब, उठू नका! आडवे व्हा!" मोटारसायकल बाजूला ठेवून त्यांनी मला पिकअपच्या हौद्यात झोपवलं आणि पायाखाली दोन पोती सरकवली. ही त्यांची समज फार मोलाची ठरली.

आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमनी बीपी बघितलं. वरचं जेमतेम 70. एरवी ते 120 च्या आसपास असतं. त्यांनी लगेच एक छोटी काच फोडली, अर्धा मिली औषध भरलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचलं. ते औषध म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. मिनिटभरात छाती धडधडू लागली, हात थरथरले, उगाच भीती वाटली. मला वाटलं, आता संपलं! मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका, औषध लागू पडतंय." पाच मिनिटांनी बीपी पुन्हा मोजलं, 84. तेव्हा तेवढंच इंजेक्शन परत दिलं. सलाईन चालू होतंच. हळूहळू घसा मोकळा झाला. बीपी 100 च्या वर गेलं तेव्हा अण्णांनी टोपी काढून घाम पुसला.

नंतर विचारलं, "मॅडम, अ‍ॅव्हिल देऊन भागलं नसतं का?" त्या म्हणाल्या, "अ‍ॅव्हिलनं खाज कमी होते. पडलेलं बीपी त्यानं चढत नाही."

आपल्या भाषेत सांगायचं तर असं. विषाची अ‍ॅलर्जी झाली की अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरू लागतात. मोटार चालू आहे, पण पाइप फुगलेत, जागोजाग गळती आहे. मग शेवटच्या ड्रिपरला दाब कुठून मिळणार? अ‍ॅड्रेनॅलिन पाइप आवळतं, गळती कमी करतं, मोटारीला जोर देतं आणि श्वासाच्या नळ्याही मोकळ्या करतं. सलाईन म्हणजे विहिरीत पाणी सोडणं. तेही लागतं, पण नुसत्या पाण्यानं दाब येत नाही.

मात्र बीपी लो झालं की हेच इंजेक्शन, असं समजू नका. उन्हानं किंवा जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं असेल तर पाणी भरून काढावं लागतं. कोणतं काय, हे डॉक्टर ठरवतील. आपलं काम वेळेत पोहोचवण्याचं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी :

माशी चावली की आधी मोहोळापासून लांब जा. मग कातडीत अडकलेला काटा ताबडतोब काढा. नखानं खरवडला तरी चालेल. अंगभर गांधी, ओठ-जिभेला सूज, धाप, उलटी, चक्कर यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका, 108 ला फोन करा. रोग्याला आडवं ठेवा, पाय उंच करा. धाप जास्त असेल तर पाय पसरून टेकून बसवा, पण उभं करून चालवू नका. डंख फार असतील तर अ‍ॅलर्जी नसली तरी दवाखाना गाठा. बरं वाटलं म्हणून लगेच घरी पळू नका; काही तासांनी त्रास उलटू शकतो. मलाही रात्रभर ठेवून घेतलं होतं.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना विनंती. आपल्या आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनॅलिन आहे का, मुदत संपलेली नाही ना, हे ग्रामसभेत विचारा. सर्पदंशाची लस देताना रिअ‍ॅक्शन आली तरी हेच औषध लागतं. शाळा, पाण्याची टाकी, पारावरचं झाड यांवर मोहोळ असेल तर तिथे धूर होणार नाही, दगड मारले जाणार नाहीत, हे बघा.

आणि मोहोळ जाळू नका. त्या माशा फिरल्या म्हणूनच अण्णांच्या गोंड्यांत बी भरलं. चूक माशांची नव्हती, पाचट पेटवणाऱ्याची होती.