पित्याचे पेट्रोलवर चालणारे स्मारक

नव्या मोटारीचा षौक पुष्कळांना असतो. जुनाट मोटारीविषयी माया मात्र थोड्यांनाच वाटते. इंग्लंडातील ब्युली येथील लॉर्ड एडवर्ड माँटेग्यू हे अशा थोड्यांपैकी होते.

त्यांचे वडील जॉन हे इंग्लंडातील मोटारींचे आद्य पुरस्कर्ते. यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून १९१५ साली ते हिंदुस्थानात येत असता त्यांची ‘पर्शिया’ ही मुंबईची आगबोट भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडविली. त्यातून ते वाचले. पण १९२९ साली निवर्तले तेव्हा एडवर्ड अवघे दोन वर्षांचे होते.

ज्या पित्याचा सहवास घडला नाही, त्याचे स्मरण कसे करावे? एडवर्डांनी १९५२ साली वडिलोपार्जित वाड्याच्या दर्शनी दालनात पाच जुन्या मोटारी मांडल्या. संग्रह इतका वाढला की १९७२ साली त्याकरिता प्रशस्त इमारत बांधावी लागली.

ह्या संग्रहात भेदभाव नाही. १९२७ साली ताशी २०० मैलांची मर्यादा प्रथम ओलांडणारी, विमानाची दोन एंजिने बसविलेली ‘सनबीम’ तेथे आहे. तशीच मध्यमवर्गाची चिमुकली ‘ऑस्टिन सेव्हन’ आहे, मोटारसायकलीही आहेत. पेट्रोलची वाफ हवेत मिसळून ठिणगीने पेटवावी व त्या दाबाने दट्ट्या ढकलावा, हे तत्त्व मात्र बहुतेकांचे एकच.

एंजिन फार दिवस निजून राहिले की गंजते. यास्तव त्यास अधूनमधून जागे करणारे, त्याचा आवाज ओळखणारे हात लागतात. एडवर्ड २०१५ साली वारले. पेट्रोलचे युग ओसरू लागले असता असे हात पुढील पिढीत निपजणे, हेच त्या पितृस्मारकाचे खरे जतन होय.