मापात पाप नको, आसनातही नको

नागपूर-अमरावती महामार्गावर तिवसा तालुक्यात मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. सकाळचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही या आश्रमाची ओळख. कोणत्याही पंथाचा माणूस तेथे रांगेत बसू शकतो. ग्रामगीतेत सामुदायिक प्रार्थनेसाठी स्वतंत्र अध्यायच आहे. रांग सरळ, पाठ ताठ, डोळे मिटलेले, असे ते दृश्य पाहणाऱ्याच्याही मनाला शांतवते.

मात्र ज्याचे गुडघे दुखतात, त्याला या रांगेतील पहिली दहा मिनिटेच जड जातात. पुढे तो भिंतीचा आधार शोधतो, मग खुर्ची मागतो आणि एके दिवशी येणेच थांबवतो. वय झाले, असे घरचे म्हणतात. पुष्कळदा वयाइतकाच दोष त्याच्याखालील आसनाचाही असतो.

व्यापारी कुटुंबांत ‘मापात पाप नको’ ही शिकवण लहानपणापासून मिळते. गिराइकाच्या मापात सूतभरही कमी पडू न देणारा गृहस्थ स्वतःच्या योगासनांची चटई घेताना मात्र माप विचारीत नाही. घरात पाच माणसे, म्हणून एकाच मापाच्या पाच चटया घाऊक भावात येतात. नातवाला ती पुरून उरते. आजोबांची टाच फरशीवर राहते.

लांबी आणि रुंदी

बाजारात सर्वसाधारण चटई ६८ इंच लांब व २४ इंच रुंद, म्हणजे सुमारे १७३ बाय ६१ सेंटिमीटर असते. नियम सोपा आहे. शवासनात डोके आणि टाचा दोन्ही चटईवर राहून वर चार ते सहा इंच उरले पाहिजेत. पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीस ६८ इंच पुरतात. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाची स्वतःची लांबीच ६८ इंच भरते. त्याने ७२ इंचांहून कमी घेऊ नये. सहा फुटी तरुणास ७८ किंवा ८४ इंचांची पाहावी लागते. दुकानात जाण्यापूर्वी घरच्या फरशीवर उताणे झोपून, हात किंचित बाजूला ठेवून, डोक्याशी, टाचेशी आणि दोन्ही तळहातांबाहेर खडूने खुणा कराव्यात. ते आपले माप. अंगाने रुंद असणाऱ्यांना २४ इंच अपुरे पडतात; त्यांच्यासाठी २६ ते ३० इंची चटई असते.

जाडी

येथे बहुतेकांची फसगत होते. जाड ते चांगले, असे वाटून दहा मिलिमीटरची मऊ चटई घेतली जाते. तिच्यावर गुडघा टेकताना बरे वाटते खरे. पण वृक्षासनात एका पायावर उभे राहिले की तळवा रुततो, घोटा डगमगतो. साठीनंतर तोल जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. चार ते सहा मिलिमीटर जाडी बहुतेकांना योग्य. गुडघ्याला टोचत असेल, तर तेवढ्यापुरती घडी केलेली चादर खाली घ्यावी. सगळी चटई मऊ करण्याचे कारण नाही. गुळगुळीत फरशीवर साधी सतरंजी सरकते, म्हणून उभ्याच्या आसनांसाठी खालून पकड असलेली चटईच हवी.

बैठकीचे माप वेगळे

प्रार्थना, ध्यान, सामायिक यांसाठी सहा फुटी चटईची गरज नाही. दोन फूट चौरस बसकर पुरते. सामायिक दोन घटिकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. एवढा वेळ स्थिर बसायचे तर लांबीपेक्षा उंची महत्त्वाची. घोंगडीची किंवा जाड सतरंजीची दोन-तीन इंच घडी बैठकीखाली घेतली की कंबर गुडघ्यांपेक्षा वर येते, पाठ आपोआप सरळ होते आणि गुडघ्यांवरचा ताण हलका होतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आसन फार उंच नसावे, फार सखल नसावे, असाच विचार आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकातील आपल्या योगशास्त्रात पर्यंकासन, वीरासन, गोदोहिका इत्यादी आसने सांगून, ज्यात मन स्थिर राहील ते साधकाने घ्यावे, असा निर्वाळा दिला आहे. आसन साधकासाठी असते.

जुन्या पिढीचे व्यापारी दिवसभर दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसत. आता गादीची जागा खुर्चीने घेतली आणि मांडीची सवय सुटली. म्हणून तरुणांनीही या घडीचा संकोच बाळगू नये.

२१ जूनच्या योगदिनासाठी किंवा शिबिरासाठी सभागृह घेणाऱ्या मंडळांनी हाच हिशेब मांडावा. २० बाय ३० फुटांच्या सभागृहात बसकरांवर ८० जण प्रार्थनेला बसतील; पण हात पसरण्याइतके अंतर ठेवून आसने करायची तर तेथे २० चटयाच मावतात. ८० जणांना निमंत्रण देऊन चटईला चटई भिडवली, की कोणाचा तरी हात शेजाऱ्याच्या डोळ्याला लागतो.

निगा

कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडात सुती सतरंजीला तोटा नाही. अकोटच्या सतरंज्या प्रसिद्धच आहेत. बैठकीसाठी ती उत्तम, धुण्यास सोपी. रबरी चटई मात्र वैशाखाच्या उन्हात वाळत घालू नये, तडे जातात. पावसाळ्यात ओलसर चटई गुंडाळल्यास बुरशी धरते. पसरण्यापूर्वी आणि गुंडाळण्यापूर्वी ती दोन्ही बाजूंनी पाहून, हलकेच झटकून घ्यावी. प्रतिलेखनाची सवय असलेल्या घरांना यामागची जीवदया सांगावी लागत नाही.

पुढच्या खरेदीच्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना आधी फरशीवर झोपवून खडूची खूण करावी आणि त्यांच्या बसकराची घडी त्यांना बसवूनच ठरवावी. पाच मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने एखादे आजोबा खुर्ची सोडून पुन्हा रांगेत येऊन बसले, तर त्या व्यवहारात तोटा कोणाचाच नाही.