सातबाऱ्यासाठी थाटलेलं प्रजासत्ताक

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलालँडचा उल्लेख बहुधा गंमत म्हणून होतो. जेमतेम तीन वर्षं टिकलेला देश, राजधानी फ्रायबर्ग, चांदणीचं बोधचिन्ह, आणि 1884 साली काढलेली टपाल तिकिटं, जी आता संग्राहकांच्या वहीत असतात. पण नीट पाहिलं तर हे प्रजासत्ताक म्हणजे जमीनवाटपाचं दफ्तर होतं. झेंडा आणि तिकिटं त्याच्या शिक्क्याला वजन यावं म्हणून. कोराना टोळीचा प्रमुख मासाऊ आणि त्स्वाना लोकांपैकी बाट्लापिंगांचा प्रमुख मांकुरवाने यांच्या भांडणात गोरे भाडोत्री दोन्हीकडून लढले. मासाऊकडच्या बोअर (डच वंशाच्या) स्वयंसेवकांना मोबदला जमिनीत ठरला होता. 1882च्या तहानंतर ती मांकुरवानेच्या मुलखातून कापून घेतली गेली : चारशेहून जास्त शेतं, प्रत्येकी 3,000 मॉर्गनचं, म्हणजे सहा हजार एकरांच्या वर. एवढी जमीन हातात आली, पण कागद देणार कोण? म्हणून सरकार आलं, आणि बोअरांपैकी व्हॅन नीकेर्क त्याचा प्रमुख झाला.

यावर कुणी म्हणेल, बोअरांना इंग्रजांपासून मोकळं राहायचं होतं, हे स्वातंत्र्यप्रेम खोटं कसं? खोटं नव्हतंच. पण त्याची किंमत 1884च्या सप्टेंबरात कळली. केप वसाहतीतला राजकारणी सेसिल ऱ्होड्स याला उत्तरेकडे जाणारा व्यापारी रस्ता इंग्रजांच्या हातात हवा होता. त्याने व्हॅन नीकेर्कला जमिनीचे हक्क मान्य करण्याचा शब्द दिला, आणि स्वातंत्र्यावरचा आग्रह लगेच सैलावला. पुढच्या वर्षी इंग्रज सेनानी चार्ल्स वॉरन सुमारे 4,000 शिपाई आणि टेहळणीचे बलून घेऊन आला. लढाई झालीच नाही. (शेजारच्या गोशेन या दुसऱ्या बोअर प्रजासत्ताकातले लोक जास्त हट्टी होते, तेही पांगले.)

आणि टोळीप्रमुखांनीच जमीन देऊ केली, त्याचं काय? देऊ केली मासाऊने. गेली बरीचशी मांकुरवानेची. शिवाय त्या शेतांवर आधीपासून राहणाऱ्यांना या प्रजासत्ताकात मत नव्हतं.

1885मध्ये हा मुलूख ब्रिटिश बेचुआनालँड वसाहतीत गेला. मिशनरी जॉन मॅकेन्झी त्स्वानांच्या जमिनीसाठी भांडत राहिला, पण 1886च्या जमीन आयोगाने स्टेलालँडचे बरेच दाखले कायम केले आणि त्स्वानांना राखीव पट्ट्यांत बसवलं. 1895मध्ये ही वसाहत केप वसाहतीत विलीन झाली. त्यानंतर दोनच वर्षांत गुरांवरच्या बुळकांडीच्या साथीतून त्स्वानांचं लांगेबर्गचं बंड पेटलं. ते मोडल्यावर राखीव पट्ट्यांपैकीही काही सरकारने जप्त केले.